कुरर आणि त्याच्या मागे लागलेले



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, नववा अध्याय, सुरुवातीचे दोन श्लोक. अवधूताच्या २४ गुरूंपैकी कुरर. गोष्ट एवढीशी आहे. कुररापाशी मांसाचा तुकडा असतो. ज्यांच्यापाशी काहीच नाही असे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकून देतो आणि सुखी होतो. अवधूत यदुराजाला सांगतो की माणूस जे जे प्रिय म्हणून साठवतो, तेच त्याच्या दुःखाचं कारण होतं. (नाथांनी हा सगळा स्कंध मराठीत उलगडला आणि १५७३ साली काशीत ग्रंथ पूर्ण केला. सवड काढून वाचाच.)

अनेक अभ्यासकांच्या मते कुरर म्हणजे ऑस्प्रे, मासे पकडणारा शिकारी पक्षी. हा आपल्याकडे हिवाळी पाहुणा. मासा पंजात धरून, त्याचं डोकं पुढे ठेवून उडतो, आणि घारी-कावळे खरंच त्याच्या मागे लागतात. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याने नदीकाठी बसून नीट पाहिलं असणार.

हे वाचताना आपण स्वतःला नेहमी कुरर समजतो. माझा पगार, माझा फ्लॅट, माझे फॉलोअर्स, हे सोडायला हवं वगैरे. पण काटोलला जाम नदीच्या काठाने हिवाळ्यात फिरताना मला वेगळीच शंका येते. त्या दिवसांत बागांमध्ये आंबिया बहाराची संत्री उतरत असतात आणि विदर्भाच्या तलावांवर पट्टकादंब उतरलेले असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. थवा काठाशी विसावलेला असतो. तेवढ्यात मोठ्या लेन्स घेतलेले चार-पाच जण पुढे पुढे सरकतात. उडतानाचा फोटो हवा असतो ना! थवा उठतो, पलीकडे बसतो. मंडळी गाडीने पलीकडे जातात.

आता सांगा, इथे दांडगे पक्षी कोण? आणि त्या हंसाने टाकायचं तरी काय? त्याच्यापाशी तुकडाच नाही. आपल्याला तोच हवा आहे. तो फक्त जागा टाकू शकतो, आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली थोडी चरबी.

कुणी म्हणेल, फोटोने पक्ष्याचं काय जातं? आमच्या कामात सर्व्हरवर नुसती नजर ठेवणारा प्रोग्रॅमसुद्धा सर्व्हरवर भार टाकतो. नुसतं बघणंही फुकट नसतं.

तरी 'पक्ष्याला हातच लावू नका' असा सोपा नियमही मला पटत नाही. हा हंस ७,००० मीटरच्याही वर उडतो, हे आपल्याला कळलं ते काही हंसांना पकडून, अंगावर ट्रान्समीटर लावून सोडल्यामुळे. तो त्रासच होता. पण पकडणाऱ्याने सोडून दिलं, आणि जे मिळालं ते सगळ्यांचं झालं. कॅमेऱ्याचंही तसं होऊ शकतं. एका जागी बसून, थवा न हलवता काढलेला धूसर फोटो नोंदीसाठी पुरतो. फक्त त्याला लाइक्स कमी पडतात, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. संग्रह कार्डातल्या फोटोंचा नसतो, 'मला मिळाला' या शब्दाचा असतो.

पंढरपुरात पायांवर डोकं ठेवण्याची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. मुखदर्शनाला दुरूनच बघायचं आणि पुढे सरकायचं. पूर्वी मला ते दुय्यम वाटायचं. जामच्या काठावर दुर्बीण लावून बसल्यापासून तसं वाटत नाही. दर्शन झालं की देव तिथेच राहतो, आपण निघतो.

यंदा कुणी विदर्भात असाल तर सकाळी लवकर जा, भडक कपडे टाळा, आणि थवा माना वर करू लागला की तिथेच थांबा. त्याचा अर्थ, त्याने तुम्हाला पाहिलं आहे.

उद्याचा गुरू: बालक.