गाळ कुणाचा?

पावसाळ्याचं पहिलं पाणी आलं की आमच्याकडे रांजणात तुरटी फिरवायचे. खडा दोन-तीन फेरे फिरवून लगेच बाहेर. जास्त झालं तर पाणी तोंडात धरवत नाही. तासाभरात पाण्यात पुंजके जमायचे, हळूहळू तळाला जायचे आणि वरचं पाणी पिण्याजोगं व्हायचं. तुरटी काही माती खात नाही. काळ्या मातीचे कण फार बारीक, त्यातल्या प्रत्येकावर ऋण भार. ते एकमेकांना दूर लोटत राहतात, म्हणून नाल्याचं पाणी दोन दिवस भरून ठेवलं तरी गढूळच. तुरटीतल्या ॲल्युमिनियमने ते लोटणं थांबतं. कण एकमेकांना धरतात, जड होतात, खाली बसतात.

हेच काम सुरतेच्या पुढे समुद्र करतो. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते, 724 किलोमीटर चालून अरबी समुद्राला मिळते, आणि वाटेत आमचा जळगाव-धुळ्याचा मुलूख धुऊन नेते. वाळू जड, नदी मंदावली की ती वाटेतच पडते. चिकणमाती मात्र मुखापर्यंत जाते. तिथं खारं पाणी भेटलं की मिठाने तिचे तसेच पुंजके होतात. पण रांजणासारखं तिथं स्वस्थ कुठं बसायला मिळतं? भरती गाळाला आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते. मधे पाणी घटकाभर थबकतं तेवढ्यात थोडा बसतो, पुढच्या ओढीला परत उठतो. म्हणून पुष्कळ खाड्यांत एक पट्टा असा असतो, की तिथलं पाणी वरच्या नदीपेक्षाही गढूळ आणि समोरच्या समुद्रापेक्षाही. अभ्यास करणारे होडीतून वेगवेगळ्या खोलीवर बाटल्या सोडतात, भरती-ओहोटीचा पुरा फेरा बसून काढतात, पाणी गाळतात, गाळणीवरची माती वाळवून तोलतात. लिटरला किती मिलिग्रॅम, हे त्यांचं उत्तर.

जुन्या काळी इंग्रजांची मोठी जहाजं सुरतेपर्यंत चढत नसत. मुखाबाहेर सुवाळीला नांगर टाकायची. नदीत पाणी उथळ, गाळाचे उंचवटे. त्या गाळात आमच्या शिवारांची माती होतीच. कुणाच्या वावरातली किती, हे मात्र कुठल्या बाटलीतून निघणार नाही. बाटलीत वजन कळतं, सातबारा कळत नाही.

माझा सगळा घोळ इथं सुरू होतो.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खोदलेला पाझर तलाव आहे. पंचेचाळीस वर्षांत तो गाळाने भरत आला. (ळ चा य करणारी आमची बोली गाळाला ‘गाय’ म्हणते, बाहेरचा माणूस गोठा शोधू लागतो.) 2017 साली सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ काढलं आणि पुढच्या उन्हाळ्यात तलावात जेसीबी उतरला. गाळ फुकट, वाहतूक ज्याची त्याची. म्हणजे ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याच्या वावरात गाळ.

तलावाच्या वर उताराला एकाचं तीन एकर आहे. माती जाऊन जाऊन मुरूम उघडा पडलेला, कापूस गुडघ्याच्या वर जात नाही. तो बांधावर उभा राहून भरलेल्या ट्रॉल्या पाहत होता. म्हणाला, “माटी मना वावरनी शे, आन् भरी राहिनात दुसरास्ना वावरमा!”

ट्रॉलीवाला हसला. “तुन्ही माटी? नाव लिखेल शे का तिनावर?”

लोकही हसले. मला मात्र दोघांचंही म्हणणं अर्धंमुर्धं वाटलं, आणि अजून वाटतं.

वरच्याचं घ्या. सुटलेली म्हैस कोंडवाड्यात गेली तर दंड भरून सोडवता येते, कारण ती ज्याची त्याचीच राहते. पण तिने कुणाचा हरभरा खाल्ला असेल तर नुकसानही त्याच्याच डोक्यावर. माती तुझी म्हणशील, तर तलाव भरला तोही तुझ्या मातीने. त्याची भरपाई दे म्हटलं तर काय करशील? मालकी सांगायची आणि जबाबदारी नाही, असं चालत नाही.

पण ट्रॉलीवाल्याचा युक्तिवाद त्याहून वाईट. नाव लिहिलेलं नाही म्हणजे कुणाचं नाही, असं म्हणून जगात पुष्कळ गोष्टी उचलल्या गेल्या आहेत. ही माती ढगातून पडलेली नाही. ती वरच्या दहा-वीस वावरांची आहे, एवढं तर आंधळ्यालाही कळतं. कुणाची किती ते सांगता येत नाही, एवढीच अडचण. दहा जणांचं देणं वेगवेगळं मोजता येत नाही म्हणून देणंच नाही, असा हिशेब वाण्याच्या दुकानातही कोणी मान्य करणार नाही.

वरच्याने माती राखली का नाही, हा प्रश्न हमखास येतो. नांगरट उताराला आडवी करावी, बांध घालावा, हे त्यालाही ठाऊक आहे. पण बांधाला पैसा लागतो, थोडी जमीनही जाते. आणि त्याचा फायदा होतो कुणाला? थोडा त्याला, जास्त खालच्यांना: ज्यांच्या विहिरी तलावावर चालतात, ज्यांचा तलाव मग भरणार नाही. खर्च वरच्याचा, पाणी खालच्याचं. खालचे लोक वर्षानुवर्षं ते पाणी पीत आले आणि बांधाला कुणी एक पाटी माती टाकली नाही. माझ्या मते तलावाच्या गाळावर वरच्याचा मालकीहक्क नसेल, पण खालच्यांवर त्याचं देणं आहे. ते गाळ म्हणून द्या, नाहीतर बांध म्हणून.

हे काही नवं सांगत नाही. पांझरेवरच्या फडांत ही समज शेकडो वर्षं आहे. बंधाऱ्यातून पाट, पाटातून फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पावसाळ्यात पाट गढूळ वाहायचा आणि तो गाळ फडाफडांत पसरायचा. पाटात साचलेला गाळ काढायला सगळे बागायतदार उतरायचे. पाणी घेतोस तर फावडं घे. तिथंही भांडणं होती; पाटकरी होता तो काही शोभेला नव्हता. पण गाळ कुणाचा, असं एकट्याने विचारायची वेळ कमी यायची.

आणि हा प्रश्न तलावापाशी थांबत नाही. भुसावळच्या वर हतनूर धरण आहे. त्याच्याही वर चांगदेवला पूर्णा वऱ्हाडची काळी माती घेऊन तापीला मिळते. खाली गुजरातेत 1972 पासून उकाई. मुखाशी जाऊन बसायची त्यातली बरीच माती आता धरणांच्या थांबलेल्या पाण्यात बसते. आपल्याला वाटतं, बरं झालं, आपली माती समुद्रात वाया जात होती. वाया? नाईलवर आस्वानचं मोठं धरण 1970 ला पुरं झालं, गाळ अडला, आणि मुखाशी आधीच सुरू असलेली किनाऱ्याची झीज वाढली. खाडीच्या काठचा माणूस गाळावरच उभा असतो. तिवरं त्यात रुजतात, मासळी त्यात वाढते. त्याला कुणी विचारलं नाही. आमच्या वरच्या शेतकऱ्यालाही विचारलं नव्हतं. एकाची माती न विचारता गेली, दुसऱ्याची न विचारता अडली.

धरणं पाडा असं मी म्हणत नाही. हतनूरचं पाणी मीही प्यालो आहे.

पुढच्या ग्रामसभेत मी एवढंच मांडलं, की ज्याने गाळ नेला त्याने दर दहा ट्रॉल्यांमागे तासभर ट्रॅक्टर वरच्या बांधबंदिस्तीला द्यावा. दोघे-तिघे माना डोलावून बसले. ट्रॉलीवाल्याने विचारलं, डिझेल कोण घालणार? मी म्हटलं, दोन्हीकडून निम्मं निम्मं. वरचा शेतकरी मागे दाराशी उभा होता, तो काही बोलला नाही. सरपंच म्हणाले, देखू.