दस्तीचा दावा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, पण जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. आगगाडी येते ती घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी ती नाकासमोर निघून जाते. राजूरचा घाट चढून वर यायचं तिनं काही अजून मनावर घेतलेलं नाही. त्यामुळे घाटावरच्या माणसाचं खरं शिक्षण एस.टी.त होतं. शाळा-कॉलेजात तो बीजगणित नि बुककीपिंग शिकतो; पण संयम, समतोल, एका पायावर उभं राहणं आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून वर्तमानपत्र वाचणं या जीवनोपयोगी विद्या त्याला लाल गाडीतच मिळतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून, आणि गेली अठरा वर्षं बुलढाणा-चिखली अपडाऊन करणारा. तेव्हा नीतिशास्त्रावर चार शब्द बोलण्याचा अधिकार माझ्याकडे पासच्या रूपानं आहे.

या शास्त्रातला सर्वांत अवघड प्रश्न देव आहे की नाही, हा नव्हे. तो सवडीनं सोडवता येतो. आजवर कोणी घाई केलेली नाही. सर्वांत अवघड प्रश्न असा : खिडकीतून टाकलेली दस्ती ज्या सीटवर पडली, ती सीट कोणाची?

दस्ती म्हणजे रुमाल. पण रुमाल म्हटलं की अत्तर आठवतं, दस्ती म्हटलं की घाम. आणि जागा धरायला घामाचंच वस्त्र लागतं. गाडी फलाटाला लागण्याआधी, ती वळण घेत असतानाच, जाणकार मंडळी तिच्या अंगाला लगटून पळू लागतात. सामान्य माणसं दाराशी धक्काबुक्की करतात. जाणकार खिडकीशी जातात. टाचा उंचावतात, हात आत जातो, दस्ती पडते आणि तो गृहस्थ ज्या शांतपणे मागे वळतो, तो शांतपणा मी फक्त मुदतठेवीची पावती खिशात घालणाऱ्या पेन्शनर मंडळींच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आता पुराव्याच्या दृष्टीनं सगळ्या वस्तू सारख्या नव्हेत. दस्ती सर्वांत दुबळी. ती उडते, खाली पडते, आणि "मला वाटलं कोणाची राहून गेली," असं म्हणायला समोरच्याला वाव देते. टोपी तिच्याहून वरची, कारण टोपीखाली डोकं असतं असा समज आहे. वर्तमानपत्राचा दर्जा कनिष्ठ. मालक वर पोचेपर्यंत कोणीतरी अग्रलेखात शिरलेलं असतं आणि वाचणाऱ्या माणसाला उठवणं आपल्याला जड जातं. भाजीची पिशवी भारदस्त. पण सर्वांत अभेद्य दावा म्हणजे लहान मूल. ते खिडकीतून आत सोडतात. ते सीटवर उभं राहतं आणि भोकाड पसरतं. या दाव्यावर अपील नाही.

कायदा काय म्हणतो? परीक्षेसाठी मी भारतीय करार कायदा १८७२ आणि परक्राम्य लेखांचा कायदा १८८१ असे दोन्ही पाठ केले होते. त्यांत हुंडी आहे, धनादेश आहे, वचनचिठ्ठी आहे, दस्ती नाही. तिकीट हा करार खरा, पण तो आपल्याला नेण्याचा आहे, बसवून नेण्याचा नव्हे. उभ्याचं आणि बसल्याचं भाडं एकच. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट झालं. दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. ज्या म्हाताऱ्या लेकीकडे दिवाळीलाच जात, त्या आता चतुर्थीलाही जातात. पण सवलत तिकिटात आहे, सीटमध्ये नाही. शंभर टक्के सवलतीचे आजोबा शंभर टक्के उभे असतात.

हां, राखीव सीटा असतात. वर रंगानं अक्षरं काढलेली असतात : महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, आमदार. आमदारांच्या सीटवर मी आजवर आंब्याची पेटी पाहिली, नवरीचा आहेर पाहिला, एकदा बँडवाल्यांचा ढोल पाहिला. आमदार पाहिला नाही. रंगानं लिहिलेल्या सरकारी अक्षरांकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि चुरगाळलेल्या वीतभर फडक्यापुढे दणकट माणूस मुकाट उभा राहतो. हे कसं?

विचार करता माझ्या असं ध्यानात आलं, की दस्ती ही नोटेच्या जातीची आहे. नोटही कागदच. मी दिवसभर मोजतो, म्हणून सांगतो, हाताला तिचं काही विशेष वाटत नाही. समोरचा ती घेईल या भरवशावर मी ती घेतो, आणि मी घेईन या भरवशावर समोरचा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हजाराच्या आणि पाचशेच्या नोटांचा हा भरवसा काढून घेतला, तेव्हा तोच कागद, तोच रंग, तीच सही असून दुसऱ्या दिवसापासून लोक तिच्याकडे मयताच्या फोटोकडे बघावं तसं बघू लागले. नोटेला निदान गव्हर्नरची सही असते. दस्तीला तीही नाही. तिच्यामागे पोलीस नाही, वाहक नाही, आगारप्रमुख नाही. तिच्यामागे फक्त गाडीतल्या पन्नास अनोळखी माणसांचा संकोच आहे. मालकी म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी आवरून धरलेला हात!

हा शोध माझाच, असं मी दोन दिवस समजत होतो. मग वाचनालयात कळलं, की आमची सीट फार मोठ्या लोकांनी आधीच धरून ठेवली आहे. रोमचा सिसेरो इ.स.पूर्व ४५ साली लिहून गेला, की नाट्यगृह सगळ्यांचं असतं, तरी ज्यानं जी जागा घेतली ती त्याची म्हणणं योग्य. त्यानं चिखलीची गाडी पाहिली नव्हती, पण मुद्दा तोच. पुढे सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला, की सामायिक वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो तेव्हा ती त्याची होते. दस्तीत श्रम मिसळलेले असतात हे ती हुंगून कोणीही सांगेल. मात्र लॉकनं एक अट घातली : इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागं राहिलं पाहिजे. इथं लॉक फलाटावरच राहतो. सोमवारी सकाळच्या गाडीत मागं काय राहतं? टपाची पायरी!

शिवाय दस्ती एक, सीट एक, हा हिशेब झाला तर ठीक. पण काही कर्तबगार मंडळी एका दस्तीच्या चार कोपऱ्यांवर चार सीटा धरतात. "माणसं येऊन राह्यली," असं म्हणतात. ती माणसं चहा पीत असतात. हा आमच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट झाला, आणि तोही विनातारण.

एका सोमवारी या साऱ्या शास्त्राची परीक्षा झाली. सीटवर घाटाखालचा एक तरुण बसलेला, कानात यंत्र. समोर गांधी टोपीतले एक शेतकरी काका येऊन उभे राहिले.

"उठा भाऊ. दस्ती हाये आमची."

"दस्तीचं तिकीट काढलं काय?"

"तुमी दस्तीवर बसले!"

"दस्ती खाली पडेल होती. मी सीटवर बसलो. हे घ्या तुमची दस्ती."

लगेच कोर्ट भरलं. आमच्या गाडीत ज्युरीची पद्धत अजून चालू आहे. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "दस्ती म्हंजे दस्ती, राजेहो!" दुसरा म्हणाला, "मंग मी उद्या धुण्याची दोरी टाकतो आन् सारी गाडी माझी म्हनतो!" वाहकानं गर्दीतून वाट काढत निवाडा दिला, "गाडी महामंडळाची, भांडण तुमचं. माझ्याकडं फक्त तिकिटं आहेत." पाच मिनिटं दोन्ही बाजू ऐकून बहुमत दस्तीकडे झुकलं. तरुण उठला. काका बसले. त्यांनी दस्ती झटकली, कपाळ पुसलं.

येळगावला एक म्हातारी चढली. डोक्यावर गाठोडं, हातात काठी. काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उठले.

"बस माय."

तरुणाचा तोल गेला, आणि तो गाडीमुळे नव्हे. "द्याचीच होती तं मले काहून उठवलं?"

काका म्हणाले, "तुमी घेतली होती. मी देल्ली. फरक हाये ना, बाप्पा."

चिखलीपर्यंत मी उभ्यानं यावर विचार केला. तरुणाचा हिशेब वरवर बिनचूक होता. सीट एक, म्हातारी एक. शेवटी म्हातारीच बसली. तो बसून राहिला असता तर त्यानंही तिला दिली असती, कदाचित. मग मधल्या भांडणाचा उपयोग काय? पण बँकेत बसणाऱ्या माणसाला यातली मेख दिसते. दुसऱ्याच्या खात्यावर चेक फाडून अनाथाश्रमाला देणगी देता येत नाही. रक्कम तीच, अनाथ तेच, पावतीही तशीच. तरी ते दान नव्हे. स्वतःच्या खात्यात असेल तेवढंच देता येतं. जी सीट कोणाचीच नाही, ती कोणाला देताही येत नाही; ती फक्त सुटते, आणि सुटलेल्या सीटवर म्हातारीच्या आधी दणकट माणूस बसतो. म्हणजे ज्या दिवशी दस्तीचा मान गेला, त्या दिवशी "बस माय" हे शब्दही गेले. हक्क आणि दया या दोघी भांडकुदळ जावा आहेत असं आपल्याला वाटतं. पण चूल एकच आहे.

इथं लेख संपवता आला असता आणि काकांना हार घालता आला असता. पण त्या गाठोड्यानं माझी पंचाईत केली. म्हातारीकडेही दस्ती असणारच. कमरेला, सुपारी बांधलेली. ती खिडकीतून कधी आत आली नाही, कारण खिडकी म्हातारीच्या डोक्याच्या वर होती. सिसेरोचा पहिला येणारा आणि लॉकचा श्रम करणारा, दोघंही उंच आणि धट्टेकट्टे असले पाहिजेत. कडेवर पोर असलेली बाई, काठीवरचा माणूस, यांचं खातं या बँकेत उघडतच नाही. बरं, काकांसारखे खातेदार रोज कुठे भेटतात? बहुतेकांना थांबा आला की झोप लागते. येळगाव दिसलं की डोळे मिटतात, केळवद गेलं की उघडतात. इतकी वक्तशीर झोप डॉक्टरच्या गोळीनंसुद्धा येत नाही. मग म्हातारीनं काय, दर सोमवारी कोणाच्या तरी चांगुलपणाची वाट बघत खांबाला धरून उभं राहायचं?

म्हणून मी माझ्यापुरता निकाल असा लिहिला आहे : दस्तीचा दावा खरा, पण तो सगळ्यांविरुद्ध सारखा खरा नाही. धडधाकट तरुणापुढे ती दस्तऐवज आहे. म्हातारीपुढे ते फडकं आहे. ती सीट तिला देणं हा नुसता उपकार नव्हे. आपले हात खिडकीपर्यंत पोचले, तिचे पोचले नाहीत, या व्यवहारातली ती थकबाकी आहे. काकांनी म्हातारीच्या कपाळावर उपकाराची मुद्रा उमटवली नाही, त्याचं कारण हेच असावं. ते लगेच तोंड फिरवून पऱ्हाटीच्या भावाबद्दल बोलू लागले.

पुढे हा प्रश्न राहणार नाही, असं म्हणतात. १ जून १९४८ ला पहिली एस.टी. पुणे-नगर रस्त्यावर धावली, तेव्हा आमचा बुलढाणा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर विजेवर चालणारी वातानुकूलित 'शिवाई' धावली. तिच्या काचा बंद. सीटचा नंबर मोबाइलवर घरबसल्या मिळतो. दस्ती टाकायला फटच नाही; ज्युरी नाही, भांडण नाही, सिसेरो नाही. मोबाइल चालवता न येणारी म्हातारी मात्र तिथंही खिडकीखालीच आहे. आणि पावतीवर छापून आलेला नंबर माणसाला जरा जास्तच आपला वाटतो. त्याच्यावरून उठायला मज्जाव कुठल्याही कायद्यात नसला तरी.

आमच्या सकाळच्या गाडीच्या खिडक्या अजून सरकतात. म्हणून मी खिशात दोन दस्त्या बाळगतो, एक घाम पुसायला आणि एक टाकायला. टाकायची दस्ती रोज धुतलेली, पांढरी असावी, असा घरून आग्रह आहे. मी कारण विचारलं. सौभाग्यवती म्हणाल्या, "उद्या ती उचलून कोणा म्हातारीला बसवायची वेळ आली, तर सीट निदान पुसलेली तरी असेल!"