घोडा सज्ज ठेवणं आपलं काम

आजचं वचन: नीतिसूत्रे 21:31
सोबत वाचा: गणना 22:21-34, नीतिसूत्रे 12:10



नीतिसूत्रांचे अध्याय 31, त्यामुळे तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे. आज 21 तारीख. या अध्यायाच्या शेवटच्या वचनात एक घोडा उभा आहे. आशय असा, की लढाईच्या दिवसासाठी घोडा सज्ज केला जातो, पण तारण मात्र परमेश्वराकडून येतं.

मागच्या महिन्यात युथ ग्रुपमधल्या एका मुलाने मला विचारलं, "दादा, तू घोडेस्वारी शिकतोस ना? मग स्पर्धेत चांगले मार्क पडावेत म्हणून प्रार्थना करतोस का? आणि असल्या गोष्टीसाठी प्रार्थना करणं बरोबर आहे का?" कोणाची मॅरेथॉन असते, कोणाची यूपीएससी, कोणाचं प्रमोशन. प्रश्न एकच. माझ्या या ध्येयाशी देवाचा काही संबंध आहे का?

आजच्या वचनाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला भाग: घोडा सज्ज करावा लागतो

शलमोनाला घोड्यांची चांगलीच माहिती होती. 1 राजे 10:26 प्रमाणे त्याच्याकडे 1,400 रथ आणि 12,000 स्वार होते. 1 राजे 4:28 मध्ये तर त्या घोड्यांसाठी जव आणि पेंढा पोचवणारे कारभारीसुद्धा दिसतात. म्हणजे "घोडा सज्ज आहे" या तीन शब्दांमागे कोणीतरी रोज पहाटे उठून केलेलं काम असतं.

पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात मी दोन वर्षं शनिवारी सकाळी शिकतोय. (रविवारची बॅच रिकामी होती, पण रविवार उपासनेचा. हे आधीच ठरवून टाकलं की दर आठवड्याला स्वतःशी भांडावं लागत नाही.) बाहेरून बघणाऱ्याला घोडेस्वारी म्हणजे स्वार झालो आणि निघालो असं वाटतं. खरं तर आधी खरारा करायचा, चारही खुरांतली माती आणि खडे काढायचे, पाठीवर कुठे जखम नाही ना बघायचं, मग खोगीर ठेवून तंग आवळायचा. त्यानंतर 20 मीटरच्या वर्तुळात दुडकी चाल, पुन्हा पुन्हा. रिकिबीतून पाय काढून दुडकी चालवली की आपली बैठक किती कच्ची आहे ते दोन मिनिटांत कळतं.

माझं ध्येय छोटं होतं. तबेल्यातल्याच ड्रेसेजच्या परीक्षेत 60 टक्के मिळवायचे. ड्रेसेजमध्ये ठरलेल्या मैदानात ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या असतात. प्रत्येक हालचालीला परीक्षक 0 ते 10 गुण देतात आणि शेवटी टक्केवारी निघते. उड्या नाहीत, शर्यत नाही. घोडा आणि स्वार यांचं एकमेकांशी किती जमतं, एवढंच बघतात.

कलस्सैकरांस 3:23 मध्ये पौल सांगतो, की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी केल्यासारखं मनापासून करा. "जे काही" यात खुरातली माती काढणंही येतं आणि कोड रिव्ह्यूही येतो. त्यामुळे ध्येय ठेवणं, त्याचं वेळापत्रक करणं, घाम गाळणं यात अविश्वास कुठेच नाही. नुसती प्रार्थना करून घोड्याला खरारा होत नाही, मित्रांनो.

मधला प्रसंग: घोडा लंगडला तर?

परीक्षेच्या आठ दिवस आधी बादल, म्हणजे मी ज्याच्यावर शिकतो तो घोडा, दुडकीत डोकं वरखाली करायला लागला. सईसकाकांनी लगेच ओळखलं. पुढचा डावा पाय हाताला गरम लागत होता. डॉक्टर आले आणि म्हणाले, स्नायूबंधाला इजा आहे, काही महिने विश्रांती.

तबेल्यातल्या एकाने सल्ला दिला, "दुखण्याचं इंजेक्शन देऊन एक दिवस चालवून घे रे, कोणाला कळतंय?" आमच्या सरांनी ते तिथेच थांबवलं. दुखणं झाकलं तर घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण जोर देतो आणि इजा वाढते. मी काहीच बोललो नाही. नळाचं गार पाणी बादलच्या पायावर सोडून वीस मिनिटं उभा राहिलो. डोक्यात गणना 22 फिरत होता.

बलामाला पोचायची घाई होती. त्याची गाढवी वाटेत अडली आणि त्याने तिला तीनदा मारलं. तिला परमेश्वराचा दूत दिसत होता, त्याला दिसत नव्हता. संदेष्टा तो होता, तरी आंधळा तोच ठरला! ध्येय एवढं मोठं झालं, की ज्याच्या पाठीवर बसून आपण जातोय त्याचं दुखणं दिसेनासं होतं. आपल्यापैकी किती जणांची "गाढवी" घरी आहे? रिलीजच्या आठवड्यात न बोललेली बायको, फोन न घेतलेली आई, टीममधला तो नवा मुलगा, किंवा स्वतःचं शरीर. नीतिसूत्रे 12:10 सांगतं की नीतिमान माणूस आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. देवाच्या वचनात घोड्याच्या पायालाही जागा आहे. मग माझं 60 टक्क्यांचं ध्येय त्या पायापेक्षा मोठं कसं असेल?

दुसरा भाग: तारण परमेश्वराचं

या वचनातल्या "तारण" शब्दासाठी मूळ हिब्रूत "तेशुआ" आहे. ज्या धातूपासून तो शब्द येतो, त्याच धातूपासून "येशू" हे नाव येतं. म्हणून मला या वचनाचा अर्थ "मेहनत कर, रिझल्ट देव देईल" एवढाच वाटत नाही. रिझल्ट कधी लागतो, कधी नाही. तारण ही त्याहून वेगळी, त्याहून मोठी गोष्ट आहे.

एक उदाहरण सांगतो. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं त्याआधीचं सुवर्ण 1982 च्या दिल्लीच्या खेळांतलं, म्हणजे तब्बल 41 वर्षांपूर्वीचं. संघात चौघं होते: अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. नियम असा की चौघं खेळतात, पण सर्वांत चांगले तिघांचेच गुण बेरजेत धरतात. सुदीप्तीचे गुण बेरजेत आले नाहीत. तरी सुवर्णपदक चौघांच्याही गळ्यात पडलं. का? कारण ती त्या संघाची होती.

अर्थात तिची मेहनत बाकी तिघांइतकीच खरी होती. वधस्तंभावर तर माझा एकही गुण बेरजेत नव्हता. सगळी बेरीज एकट्या ख्रिस्ताची, आणि मी त्याचा आहे म्हणून पदक माझ्याही गळ्यात. हे एकदा आत उतरलं की 60 टक्के मिळाले काय, न मिळाले काय, माझी किंमत तिथे ठरत नाही. मग मोकळेपणाने मेहनत करता येते आणि गरज पडली तर मोकळेपणाने थांबताही येतं.

परीक्षेच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा होतो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? बादल पुन्हा भरधाव धावेल की नाही, हे डॉक्टरही आज सांगू शकत नाहीत. अजूनही दर शनिवारी जातो, खरारा करतो, त्याला लगाम धरून चालवून आणतो.

त्या मुलाला मी एवढंच म्हटलं, "हो, प्रार्थना कर. मार्कांसाठीसुद्धा कर. पण मार्क आले नाहीत तर देव माझा नाही, असं मनात ठेवून करू नकोस."

आज करून बघा

1. तुमचं या वर्षाचं एक ध्येय कागदावर लिहा. त्यातलं तुमचं आजचं काम कोणतं? ते करा.
2. या ध्येयाच्या घाईत कोणाचं दुखणं दुर्लक्षित राहतंय? आज त्या व्यक्तीला फोन करा.
3. हे ध्येय पूर्ण झालं नाही तरी मी ख्रिस्ताचा आहे, असं मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडखळली, तर प्रार्थना तिथूनच सुरू करा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हाला हातपाय दिलेस, आवडी दिल्यास, स्वप्नं दिलीस, त्याबद्दल तुझे आभार. रोजची तयारी प्रामाणिकपणे करायला शक्ती दे. वाटेत तू अडवलंस तर ते ओळखणारे डोळे दे. जे मुके आहेत त्यांचं दुखणं आम्हाला कळू दे. आमची किंमत गुणांत नाही, तुझ्यात आहे, हे आज दिवसभर आमच्या लक्षात राहू दे. तुझ्याच नावात मागतो. आमेन.