नायट्रोजनाची साक्ष

आमच्या बडोद्याच्या घरात एक लॅक्टोमीटर होता. आजोबा तो रोज सकाळी दुधात सोडत आणि तो किती बुडतो यावरून दूधवाल्याच्या प्रामाणिकपणाचा निवाडा करत. पाणी मिसळले की दुधाची घनता घटते आणि लॅक्टोमीटर अधिक खोल जातो, एवढे साधे ते शास्त्र. पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकताना कळले की मलई काढून घेतली तर उरलेल्या दुधाची घनता वाढते. मग त्यात बेताने पाणी घातले की लॅक्टोमीटर पुन्हा आपल्या योग्य जागी तरंगू लागतो. आजोबांना हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही. आमचा दूधवाला असे काही करत होता असे माझे म्हणणे नाही. करत असता, तर त्या काचेच्या नळीने त्याला निर्दोष ठरवले असते, इतकेच.

लॅक्टोमीटर खोटे बोलला नसता. त्याला घनता विचारली, त्याने घनता सांगितली. शुद्धता ऐकली ती आपण. विचारलेला प्रश्न आणि मनातला प्रश्न यांत जे अंतर राहते, त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न माझ्यापुरता बरीच वर्षे निरुपद्रवी होता. 2008 मध्ये चीनमध्ये जे घडले, त्यानंतर तो तसा राहिला नाही.

त्याआधी थोडे मागे जावे लागेल. 1883 साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनज्ञाने प्रथिने मोजण्याची एक सुटसुटीत रीत सिद्ध केली. ती प्रयोगशाळा बिअर गाळणाऱ्या कारखान्याची, तेव्हा तिथली चिंता धान्याची. नमुना संहत सल्फ्युरिक आम्लात तापवायचा, म्हणजे त्यातील नायट्रोजनाचे अमोनियम सल्फेट होते. मग अल्कली घालून अमोनिया ऊर्ध्वपातनाने बाहेर काढायचा, आम्लात शोषून घ्यायचा आणि अनुमापनाने मोजायचा. हाती येतो तो नायट्रोजन. प्रथिनांत साधारणपणे 16 टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला 6.25 ने, दुधाच्या बाबतीत 6.38 ने गुणायचे आणि उत्तरापुढे ‘प्रथिने’ असे लिहायचे. सव्वाशेहून अधिक वर्षे जगभर असे चालत आले आहे आणि बहुतांशी ठीकच चालले आहे. धान्य स्वतःहून फसवत नाही; त्याला आपला भाव ठाऊक नसतो.

आपल्याकडच्या नैयायिकांना मात्र या रीतीतली फट तत्काळ दिसली असती. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान खरे. जेथे अग्नी तेथे धूर, हे खोटे. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. या न बोललेल्या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. जेथे प्रथिन तेथे नायट्रोजन, हे निर्विवाद. केल्डालची रीत उलट्या दिशेने चालते. तिची उपाधी अशी, की नमुन्यात बाहेरून कोणी नायट्रोजन आणून टाकलेला नसावा. म्हणजे एका रासायनिक कृतीच्या पोटात, समोरचा माणूस सरळ आहे, हे नैतिक गृहीतक दडलेले आहे.

मेलामाईन हे नाव ताटल्यांमुळे घराघरांत परिचित आहे. आम्हा बडोदेकरांच्या तर शेजारी, फर्टिलायझरनगरच्या कारखान्यात, ते तयार होते. उपयुक्त द्रव्य आहे, फक्त ते पोटात जाता कामा नये. त्याच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. गणित करून पाहावे: 1 ग्रॅम मेलामाईन केल्डालच्या हिशेबात दुधातल्या सुमारे सव्वाचार ग्रॅम प्रथिनांचे सोंग घेते. चीनमध्ये दुधात पाणी घालून उतरलेला आकडा या द्रव्याने सावरण्यात आला. त्या दुधाची भुकटी तान्ह्या मुलांच्या बाटल्यांत गेली आणि त्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. सरकारी गणनेनुसार सुमारे 3 लाख बालके बाधित झाली, 6 दगावली. 2009 मध्ये दोघांना देहदंड देण्यात आला.

मुख्य गुन्हा भेसळ करणाऱ्यांचा, यात दुमत नाही. पण ज्याने नायट्रोजन मोजून ‘प्रथिने’ लिहिले, त्याचे काय? तो म्हणेल, मी नियमाप्रमाणे मोजले आणि आकडा अचूक होता. तो खरोखरच अचूक होता. पृथक्करणाच्या कामात आयुष्य घालवलेला माझा एक मित्र म्हणतो, “जे शोधायचे ठरवलेले नसते, ते सापडत नाही. प्रत्येक नमुन्यात जगातले प्रत्येक विष शोधत बसलो, तर तोवर दूध नासेल.” याला उत्तर देणे सोपे नाही. भल्या माणसाने दुष्टाव्याची कल्पना करावी तरी किती? संशयालाही किंमत पडते. आजोबांनी त्या दूधवाल्याला वीस वर्षांत एकदाही चहा विचारला नाही.

तरीही 2008 च्या बाबतीत ही सबब मला पुरेशी वाटत नाही. आदल्याच वर्षी अमेरिकेत, चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन सापडले होते आणि त्यापासून बनवलेले खाद्य खाऊन कुत्री-मांजरे मेली होती. कल्पनाशक्तीची गरज तेव्हाच संपली होती. वर्तमानपत्र वाचणे पुरेसे होते. शिवाय दुधात ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल घातले की प्रथिने साकळून खाली बसतात, तर मेलामाईन किंवा युरियासारखी द्रव्ये वरच्या द्रावणात राहतात. दोहोंतला नायट्रोजन वेगवेगळा मोजता येतो. हे रसायनज्ञांना कित्येक दशके माहीत होते. एक पायरी अधिक, थोडा वेळ, थोडा खर्च. ज्याला उपाधी ठाऊक आहे आणि ती मोडल्याची वार्ता कानी आली आहे, त्याचे मौन मला अज्ञानात जमा करता येत नाही.

2010 मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने बालकांच्या दूधभुकटीत किलोमागे 1 मिलिग्रॅम अशी मेलामाईनची कमाल मर्यादा घातली. चांगले झाले, पण तो पहारा त्या एका चोरावर.

मानकांच्या पुस्तकांत ‘प्रथिने (नायट्रोजन × 6.38)’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. त्या कंसाविषयी मला आदर वाटतो. काय मोजले आणि काय मानले, हे तो निमूटपणे कबूल करतो. परवा नातवासाठी आणलेला दूधभुकटीचा डबा मी फिरवून पाहिला. प्रथिनांचा आकडा दशांशापर्यंत छापलेला होता. कंस नव्हता.