हवेची तरतूद

माणसाने संकटाची तरतूद किती करावी? आम्हां कॉमर्सवाल्यांचे उत्तर पाठ आहे : संभाव्य तोट्याची तरतूद आजच करावी, नफा मात्र हातात पडल्यावरच मोजावा.

२०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि आमच्या नाशिकच्या शेजाऱ्यांना चाकांवरच्या घराची स्वप्ने पडू लागली. घराचा अजून पत्ता नाही. पण त्याच्या चाकांत हवा भरायचा कॉम्प्रेसर निवडायला मला बोलावणे आले. बँकेतल्या माणसाला सगळे कळते, असा सोसायटीत समज आहे.

खोक्यावर ‘१५० पौंड दाब’ असे ठळक छापलेले असते. काही माणसांसारखेच, दाब दांडगा, काम बेताचे! पाहायचे ते हे, की मिनिटाला किती लिटर हवा येते आणि किती मिनिटांनी यंत्राला विश्रांती लागते. छोट्या मोटारीला ३०-३२ पौंड पुरतात. बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या घराला १००च्या वर लागतात. तिथे खेळण्याएवढे यंत्र धापा टाकते.

“पण पंपावर हवा फुकट मिळते की!” वहिनी म्हणाल्या.

“ऐन कसारा घाटात पंप कुठून आणू?”

“आणि घाटात दुसऱ्याच कुणाची गाडी बसलेली दिसली तर? थांबाल?”

शेजारी गप्प झाले. मीही. आमच्या खातेवहीत याला रकाना नाही. पण मला वाटते, स्वतःपुरती केलेली तरतूद ही नुसती भीती. ती दुसऱ्यालाही पुरली, तरच तिला शहाणपण म्हणावे.

“नळी लांब घ्या,” मी म्हणालो. “मागच्या चाकांसाठी लागतेच. शेजारी उभ्या राहिलेल्या परक्या गाडीपर्यंतही पोचेल.”