पिंपाचा श्वास

गोखिवऱ्यात माझा गाळा आहे. डिझेलचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करतो. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले, पण जुलै सरत आला की किनाऱ्यावरच्या पाचूबंदर, किल्लाबंदर, अर्नाळ्याहून टेम्पोत घालून होड्यांचे पंप येऊ लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने बसून राहिलेल्या इंजिनाचा पंप खोलला की आत पुष्कळदा तांबेरा दिसतो. पंपातला दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनांची. तिथे डिझेल हेच वंगण. पाणी शिरलं की वंगण गेलं. आणि हे पाणी आलं कुठून, यावरून गाळ्यात जितका वाद होतो तितका बिलावरूनही होत नाही.

पाचूबंदरचा एक तांडेल आहे, रविवारची मिस्सा न चुकवणारा. त्याचं म्हणणं, पाणी टाकीतच तयार होतं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते, आतल्या हवेला घाम फुटतो, थेंब पत्र्यावरून तळाला जातात. वर तो मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय सांगतो: बाहेरून आत जातं त्याने माणूस विटाळत नाही, आतून निघतं त्याने विटाळतो. "टाकीचंबी तसंच हाय, शेठ. दोष तिच्या पोटातला."

मी वाढलो ते नेमक्या उलट शिकवणीत. आजीच्या सोवळ्यात सगळा दोष बाहेरचा; शिवला की लागला. ओलेत्याने पाणी भरायचं, वाळत घातलेलं सोवळं काठीने काढायचं, आणि एवढं करून आपण आतून स्वच्छच आहोत हे गृहीत धरायचं. मला हे लहानपणीही पटलं नव्हतं. पण तांडेलाचं तरी का मानावं? म्हणून हिशेब मांडला. ३० अंशांची दमट हवा एका घनमीटरला जेमतेम तीस ग्रॅम पाणी धरते. २५ अंशांवर तेवीस. म्हणजे २०० लिटरची टाकी पुरती रिकामी असली आणि रात्रीत पाच अंशांनी उतरली, तरी सुटणारं पाणी दीड ग्रॅमच्या आसपास. सकाळी ऊन लागलं की त्यातलं काही परत हवेत जातं. टाकीत रोज नवी हवा शिरते ती तीन टक्केसुद्धा नाही. दोन महिन्यांत फार तर चमचाभर पाणी जमेल, आणि माझ्याकडे येतात त्यातल्या काही टाक्यांतून तांब्याभर निघतं.

तांब्याभर पाण्याचा उगम बहुतेक वेळा किनाऱ्यावर उभं करून ठेवलेल्या डिझेलच्या पिंपात असतो. पिंपाच्या वरच्या पत्र्याला कडेने काठ असतो, बूच त्या काठाच्या आत. पावसात तिथे तळं साचतं. मधेच ऊन पडलं की पत्रा तापतो, आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. मग समुद्राकडून ढग येतो, सर कोसळते, पिंप झटकन गार होतं आणि आत हवा ओढतं. बुचावर त्या वेळी हवा नसते, पाणी असतं. पिंप ते पाणी पितं. बूच आवळलेलं असलं तरी पितं. रबराची चकती वाळलेली असली की झालं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाला जाऊन बसतं आणि वरून पाहणाऱ्याला स्वच्छ पिवळं डिझेलच दिसतं.

आता दोष कोणाचा? पाऊस निर्दोष आहे. पिंपाचं श्वास घेणंही निर्दोष. हवेला वाटच ठेवली नाही, तर टाकीतून डिझेल ओढलं जाणार नाही आणि इंजिन भर समुद्रात बंद पडेल. म्हणून होडीच्या टाकीची हवानळी बंद न करता तिचं तोंड वाकवून खाली करतात. आत ओढ आहे, बाहेर पाणी आहे, आणि दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. बिघडतं ते त्यांची गाठ पडते तिथे.

पतंजलीने साधनपादात हेच म्हटलंय असं मला वाटतं, शास्त्री काहीही म्हणोत. तो आधी सांगतो की जे दुःख अजून यायचं आहे तेच टाळता येतं. मग त्याचं कारण म्हणून तो पाहणाऱ्याकडे बोट दाखवत नाही की दिसणाऱ्या जगाकडे. दोघांच्या संयोगाकडे दाखवतो. आणि संयोगाचं कारण अविद्या. पिंप श्वास घेतं हे ज्याला ठाऊक नाही तो ते उभं ठेवतो. ज्याला ठाऊक आहे तो आडवं करतो, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असं, म्हणजे आतून दोन्हींवर डिझेल राहतं. नाहीतर निदान एका बाजूखाली लाकूड सारतो, दोन्ही बुचं साचणाऱ्या पाण्याच्या बाहेर राहतील असं बघतो आणि वर ताडपत्री घालतो.

इथे मात्र पतंजलीशी माझं जमत नाही. तांडेलाला हे सगळं मी सांगितलं, त्याला पटलं, आणि पुढच्या पावसाळ्यात पिंप उभंच. भरलेलं पिंप पावणेदोनशे किलोच्या पुढे जातं. आडवं करायला दोन माणसं लागतात, आणि बंदीच्या दिवसांत खलाशी गावी गेलेले. अविद्या गेली तरी पिंप जागचं हललं नाही. ज्ञान झालं की दोष आपोआप गळतो म्हणणाऱ्यांनी एकदा पाचूबंदरला यावं.

आलेलं पाणी काढणं अवघड नाही. पिंप दिवसभर हलवायचं नाही, काठीला पाणी ओळखायची पेस्ट लावून तळाला टेकवायची, रंग बदलला तेवढ्या उंचीचं खालून उपसायचं. होडीवर फिल्टरखालचा कॉक रोज सकाळी इंजिन लावण्याआधी उघडायचा. पण पाणी महिनाभर तसंच राहिलं की डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू धरतात. अन्न त्यांना डिझेलातून मिळतं, ओल पाण्यातून. काळपट, बुळबुळीत साय तयार होते, इंजिन लावलं की ती फिल्टरमध्ये जाऊन बसते. ही साय कॉकने निघत नाही. पाणी सगळं काढलं तरी पत्र्याला चिकटून राहते आणि पुढच्या थेंबाची वाट बघते. टाकी उघडून, हात घालून घासावी लागते.

तांडेलाची टाकी घासताना तो शेजारी उभा होता. "आता सांग, हे भायेरचं की आतलं?" त्याने विचारलं. आलं बाहेरून, पण आता आतलंच आहे, हे मला मान्य करावं लागलं. मार्काचा अध्याय त्याने पुन्हा म्हणून दाखवला, आणि बिलातले दोनशे रुपये कमी करून घेतले.