राजाचे आजारपण आणि सत्तेची अमानत



राज्यकर्त्याचे मन वा बुद्धी आजाराने ग्रासली, तर त्याला पदावरून दूर करावे काय? आणि दूर केल्यावर त्याच्याशी कसे वागावे? हा प्रश्न राजवाड्यांतला वाटतो खरा; परंतु त्याचे उत्तर आपण आपल्या घरांतही देत असतो.

जॉर्डनचे राजे तलाल यांचा वृत्तांत पाहा. २० जुलै १९५१ रोजी जेरुसलेममध्ये, मस्जिद-ए-अक्सात प्रवेश करताना त्यांचे वडील राजे अब्दुल्लाह यांची हत्या झाली. तलाल त्या वेळी परदेशात मानसिक आजारावर उपचार घेत होते. ते परतले, गादीवर बसले आणि जानेवारी १९५२ मध्ये त्यांनी देशाला नवी राज्यघटना दिली. राजा मानसिक आजाराने अकार्यक्षम झाल्यास, खात्री करून घेऊन, संसदेने त्याला पदमुक्त करावे, अशी तरतूद त्याच घटनेत होती. ११ ऑगस्ट १९५२ रोजी संसदेने तिचाच आधार घेतला. सोळा वर्षांचा पुत्र हुसैन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये सुट्टीवर होता. हाती आलेल्या लिफाफ्यावर आपल्या नावाआधी ‘राजे’ ही उपाधी पाहून त्याला सारे कळले. तलाल पुढे इस्तंबूलमध्ये राहिले आणि १९७२ मध्ये तेथेच अल्लाहला प्यारे झाले. ज्या राजाने स्वतःच्या सहीने लागू केलेल्या कायद्यानुसार गादी सोडली, त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

संसदेने केले ते शरीअतच्या जाणकारांना नवे नव्हते. इमाम मावर्दी यांनी ‘अल-अहकामुस्सुल्तानिया’ या ग्रंथात सुमारे हजार वर्षांपूर्वी हा विषय बारकाईने हाताळला आहे. बेशुद्धीसारखी अल्पकाळाची, बरे होण्याची आशा असलेली अवस्था असेल तर इमामत जात नाही, प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही अखेरच्या आजारात मूर्च्छा आली होती, याची ते आठवण देतात. बुद्धी कायमची गेली असेल तर मात्र पद जाते. आजार येऊन-जाऊन असेल, तर भ्रमाचा काळ अधिक की शुद्धीचा, हे पाहावे. या साऱ्या चर्चेत आजारी माणसाच्या ईमानवर कोठेही बोट ठेवलेले नाही. ठेवणार तरी कसे? वेड लागलेला माणूस बरा होईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेले असते, हे हदीसमधून आपण लहानपणापासून शिकत आलो.

ह. अबू जर (रजि.) यांनी पद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना प्रेमाने समजावले की तुम्ही दुर्बल आहात आणि हे पद अमानत आहे. अबू जर यांच्या तक्व्यात काय कमी होते? काझीने रागात निवाडा करू नये, हीदेखील प्रेषितांचीच (स.) शिकवण. फुकहांनी तीव्र भूक आणि दुःख यांनाही हाच नियम लावला. अमानत पेलण्याची ताकद एक गोष्ट, माणसाची किंमत दुसरी.

या दोहोंची गल्लत झाली की जुलूम होतो. उस्मानी सुलतान मुराद पाचवे १८७६ मध्ये अवघे ९३ दिवस तख्तावर होते. मनःस्थिती बिघडल्याने शैखुल-इस्लामच्या फतव्याने त्यांना हटवण्यात आले. फतवा देण्यास त्या वेळी आधार होता. परंतु पुढे त्यांची प्रकृती पुष्कळ सुधारल्याचे सांगितले जाते. तरीही १९०४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे २८ वर्षे, ते चिरागान महालात नजरकैदेतच राहिले. आजाराचे निमित्त झाले आणि सत्तेने त्याचे कुलूप केले.

उलट नॉर्वेचे पंतप्रधान बोंदेविक यांनी १९९८ मध्ये नैराश्याचा आजार उघडपणे सांगून सुमारे साडेतीन आठवडे रजा घेतली, आणि परत येऊन काम सांभाळले. २००१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. ते ख्रिस्ती पाद्री आहेत. आपल्यातला एखादा मौलाना असे बोलू शकेल काय, हा विचार मला पुष्कळदा अस्वस्थ करतो.

वाचकहो, आपल्याकडे काय घडते? मुलीचे स्थळ मोडेल म्हणून औषधाची चिठ्ठी लपवली जाते. कोणी जिन्नाची बाधा म्हणतो, कोणी ईमानची कमजोरी. पुत्राच्या विरहाने ह. याकूब (अ.स.) यांचे डोळे पांढरे झाले, हे कुरआनच सांगते, त्यांच्या नुबुव्वतवर त्याने डाग लागला नाही. दुआ आणि रुक्या जरूर करा, पण डॉक्टरांची गोळी बंद करून नव्हे.

गेल्या वर्षी इशाच्या नमाजनंतर एक तरुण थांबला. त्याचे थोरले बंधू एका मस्जिदचे हिशेब पाहत. कित्येक महिने त्यांना झोप नव्हती, आकडे चुकत होते, आणि घरचे म्हणत, “कोणाला सांगू नका, अब्रू जाईल.” मी म्हणालो, “हिशेबाची वही दुसऱ्याकडे द्या आणि भाईजानना डॉक्टरांकडे न्या. दोन्ही कामे याच आठवड्यात करा.” वही दिली गेली. उपचार अजून चालू आहेत. परवा जुम्याला ते पहिल्या सफमध्ये आपल्या नेहमीच्या जागी बसले होते. शेजारच्या बुजुर्गांनी सरकून ती जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.